पडदा बंद करण्याची सोय

विक्रेत्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि म्हणाला, "रंग बघा साहेब, असे रंग तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही स्क्रीनवर दिसणार नाहीत." वाक्य शब्दशः खरं होतं. दुसऱ्या स्क्रीनवर मला दिसणार नव्हते आणि या स्क्रीनवरही नव्हते. माझ्या हातात पांढरी काठी होती, मेहुण्याचा हात माझ्या पाठीवर होता, बायको डाव्या कोपराला चिकटून उभी होती, आणि एवढा सगळा लवाजमा समोर असूनही या माणसाने मला रंग दाखवले, म्हणून खरं तर मला राग यायला हवा होता. आला नाही. उलट आठ महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला सरळ गिऱ्हाईक समजलं, याचं इतकं बरं वाटलं की मी मान डोलावून "छान आहेत" असं म्हणूनही टाकलं. तेवढ्यात मेहुण्याने घसा खाकरला. त्या खाकरण्यात सगळा वैद्यकीय इतिहास होता. विक्रेत्याचा आवाज ताबडतोब माझ्यावरून उठला आणि मेहुण्याकडे जाऊन बसला. "यांना कशासाठी पाहिजे?" त्याने विचारलं. हा "यांना" आता माझ्या चांगल्या ओळखीचा झाला होता. दवाखान्यात, बँकेत, सगळीकडे तो भेटे. मागच्या महिन्यात न्हाव्याने बायकोला विचारलं होतं, यांचे कान मोकळे ठेवू का. आणि बायकोनेही क्षणभर विचार करून "ठेवा" असं सांगितलं होतं, जणू कान आमच्या दोघांच्या नावावर होते.

मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींना उत्तरं लिहितो. सव्वीस वर्षं तेच केलं. पंप पाणी ओढत नाही, पंप ओरडतो, पंप भलत्या वेळी आपोआप चालू होतो आणि सासूबाई दचकतात. या सगळ्यांना मी उत्तरं दिली. माझं कसब एवढंच, की चूक कबूल न करता माफी मागायची. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत" या वाक्यात दिलगिरी आहे, गैरसोयही आहे, पण ती केली कुणी याचा पत्ता नाही. घरी मात्र मला माफी मागणं कधी जमलं नाही. बायको म्हणते, सगळी ऑफिसात संपवून येतात. आठ महिन्यांपूर्वी काचबिंदूने, जो कित्येक वर्षं नजर कडेकडेने कुरतडत होता, मधला उरलेला तुकडाही खाऊन टाकला. दोन ऑपरेशनं झाली, दोन्ही यशस्वी झाली, आणि दिसायचं बंद झालं. मग मोठे साहेब सफरचंदं घेऊन घरी आले. म्हणाले, तुमची नोकरी कुठे जात नाही, दाराशी स्वागताला एक खुर्ची टाकू, आल्या-गेल्याला "बसा" म्हणायचं. मी म्हटलं, मी पत्रंच लिहीन. मग साहेबांनी एक सोमवार ठरवला, तीन आठवड्यांनंतरचा. त्या दिवशी चाळीस तक्रारी माझ्यापुढे येतील, संध्याकाळपर्यंत चाळीस उत्तरं झाली तर जुनी खुर्ची माझी, नाही तर दाराशी. "करून तर बघा," साहेब म्हणाले आणि "बघा"वर असे अडखळले की मलाच त्यांची दया आली. त्यानंतर मी सगळ्यांना सांगत सुटलो की मला सोमवारची तिळमात्र काळजी नाही. बायकोला तर दिवसातून दोनदा सांगत होतो. तिने एकदाही विचारलं नव्हतं.

लॅपटॉप कसा घ्यायचा ते मला एका बाईंनी शिकवलं. बाई जन्मापासून अंध, फोनवरून लोकांना कॉम्प्युटर शिकवतात, आणि त्यांच्या जिभेला हाड नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, डोळस माणसाला लॅपटॉप निवडू देऊ नका, ते तोंड बघून सून आणतात. स्क्रीन कसली बघताय, हात फिरवा. बोटांना पाच मिनिटांत घर सापडलं तर घ्या, नाही तर ठेवून द्या. एफ आणि जे या दोन कळांवरचा उंचवटा नखाला लागला पाहिजे. वरच्या ओळीतल्या कळा चार-चारच्या गटात असाव्यात, मध्ये फट हवी. उजवीकडे आकड्यांच्या कळा वेगळ्या हव्यात. चालू-बंद करायचं बटण इतर कळांच्या घोळक्यात नको. इयरफोनचं भोक हवं, आणि ते कुठे आहे ते अंगठ्याला कळलं पाहिजे. मी हे सगळं तोंडपाठ करून दुकानात गेलो होतो. मेहुण्याने मात्र आधीच एक लाल रंगाचा पसंत केला होता. स्क्रीनला बोट लावून चालणारा, इतका सपाट की त्याच्या कळा म्हणजे नुसत्या अफवा होत्या. मी तो बाजूला सारला आणि एकेका लॅपटॉपवर दहाही बोटं फिरवायला लागलो. विक्रेता मागून फडक्याने माझ्या बोटांचे ठसे पुसत येत होता. सातवा हाताला लागला तेव्हा बोटं आपण होऊन जागच्या जागी बसली, बैठकीत आपली नेहमीची उशी सापडावी तशी. विक्रेता ओशाळून म्हणाला, तो जुना आहे, जाड आहे, आम्ही तो दाखवत नाही. मी म्हटलं, मला दाखवू नका, द्या. खपत नसलेला माल गेल्याच्या आनंदात त्याने बॅग फुकट दिली आणि वर एक माऊसही दिला. मेहुणा खूश होऊन म्हणाला, "म्हणजे आंधळा मागतो..." आणि जागीच गोठला. बायकोने माझा कोपर इतक्या जोरात दाबला की रक्त थांबलं असावं. "एक डोळा," मीच पुरं केलं, "आणि दुकानदार देतो माऊस." पडद्यावरचा बाण दिसल्याशिवाय माऊसचा काही उपयोग नाही, हे कुणीच विक्रेत्याला सांगितलं नाही. तो आमच्याकडे अजून आहे, त्याने कागद उडत नाहीत.

घरी आल्यावर मेहुण्याने शिकवणी घेतली. "भावजी, वरच्या कोपऱ्यात निळं आहे बघा, त्याच्या खाली राखाडी, तिथे जायचं," असं तो ओरडून सांगत होता. डोळे गेलेल्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात हे मला अजून उमगलेलं नाही. मी त्याला चहा प्यायला आत पाठवलं, बाईंना फोन लावला, त्यांनी तीन कळा एकदम दाबायला सांगितल्या, आणि लॅपटॉप बोलायला लागला. तो क्षण मी विसरणार नाही. आठ महिने मी घरात मुक्या वस्तूंशी टकरा घेत होतो आणि ही एक वस्तू आपण होऊन म्हणाली की मी इथे आहे, माझ्यात काय काय आहे ते सांगते. तिचा आवाज सुरुवातीला फार समजूतदार होता, प्रत्येक शब्द माझ्यापुढे नीट घडी घालून ठेवायचा. बाई म्हणाल्या, वेग वाढवा, रोज थोडा थोडा. दहा दिवसांत तो इतका वाढला की बायकोला तो पाखरांचा किलबिलाट वाटे आणि मला त्यातलं अक्षर न् अक्षर कळे. कळांच्या खालची चौकोनी पाटी, टचपॅड म्हणतात ती, तळवा लागला की भलतीकडे नेणारी, बंद करून टाकली. बायकोच्या नखांचं पॉलिश घेऊन चार कळांवर चार थेंब टाकले, वाळल्यावर ते बोटाला मसूरडाळीसारखे लागत. रंग कोणता टाकू असं तिने विचारलं आणि मग आपलं आपणच हसली. मीही हसलो. असं एकत्र हसणं आमच्याकडे बरेच दिवस झालं नव्हतं.

आणि मग बाईंनी मला पडद्याची सोय दाखवली. दोन-तीन कळा दाबल्या की स्क्रीन पूर्ण काळी होते, आवाज मात्र चालू राहतो. तुम्हाला तिचा उपयोग काय, बाई म्हणाल्या, उगाच बॅटरी खाते. बंद ठेवा, दिवसभर चालेल. लॅपटॉपच एकदा बंद करून पुन्हा चालू केलात की स्क्रीन परत उजळते, तेव्हा आठवणीने कळा दाबा. यातलं पहिलं मी कानात साठवलं, शेवटचं दुसऱ्या कानाने सोडून दिलं, कारण माझं डोकं भलत्याच ठिकाणी गेलं होतं. कानात इयरफोन, समोर काळी स्क्रीन. म्हणजे मी काय लिहितोय ते आता कुणालाच कळणार नाही. आठ महिने माझं सगळं आयुष्य चारचौघांत चाललं होतं. माझी पत्रं बायको वाचून दाखवी, फोनवरचे निरोप मेहुणा मोठ्याने वाचे, औषधाच्या गोळ्या शेजारची मुलगी मोजे. जेवताना ताटाचं घड्याळ करून कुठे काय वाढलंय ते सांगत, बटाटे तीन वाजता, वाटाणे सहा वाजता, आणि मी सव्वाचारला काही खाल्लं तर सगळ्यांचे श्वास थांबत. मला दार असलेली एक जागा हवी होती, आतून कडी लागणारी. ती मला त्या काळ्या स्क्रीनमागे मिळाली. लहानपणी कपाटात शिरून बसायचो तेव्हा असं वाटायचं. बाहेर आई हाका मारतेय आणि आपण श्वास रोखून सुखात आहोत.

सराव म्हणून मी रोज तक्रारी लिहायला लागलो आणि त्यांना उत्तरंही. पंपांच्या तक्रारी दोन दिवसांत संपल्या. मग घरच्या सुरू झाल्या. "विषय: तक्रारदाराच्या ताटातील भाजीचे तक्रारदारास न विचारता बारीक तुकडे करणे." उत्तर: "सदर तुकडे आपल्या सुरक्षिततेसाठी करण्यात येतात, तरीही आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्यानंतर "विषय: मेहुण्याकडून होणारी वाहतूक. तक्रारदारास रस्त्याने मागून ढकलत नेले जाते. तक्रारदार हातगाडी नाही. कोपर पुढे करावा, तक्रारदार तो धरून स्वतः चालेल." मग "विषय: आवाजाची पातळी. तक्रारदाराचे डोळे गेले आहेत, कान नाहीत." लिहिताना मी इतका रंगून जाई की मध्येच हसू फुटे. बायको स्वयंपाकघरातून विचारी, काय झालं, आणि मी म्हणे, काही नाही, पंप. सव्वीस वर्षांत इतकं खरं मी कधी लिहिलं नव्हतं. आपल्या तक्रारींना आपणच दिलगिरीची उत्तरं द्यायची, यात एक अजब समाधान होतं. फक्त सोमवाराविषयी मी एक ओळ लिहिली नाही. त्या दिशेला मन गेलं की बोटं दुसरीकडे वळवायचो.

शेवटच्या आठवड्यातल्या बुधवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो होतो, शेजारचे मला नेऊन आणणार होते. मागे घरात काय झालं ते मला नंतर कळलं, पण ते इथेच सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट कळेल. बायको टेबल पुसायला गेली. लॅपटॉप उघडा, मी तो कधी बंद करतच नसे, आणि स्क्रीन काळी. तिने एक कळ दाबली, दुसरी दाबली, काही उजळेना. इयरफोन लावलेले असल्यामुळे आवाजही बाहेर येईना. सोमवार पाच दिवसांवर, आणि लॅपटॉप मेलेला. तिने भावाला बोलावलं. तो म्हणाला, ताई, मी तेव्हाच सांगितलं होतं, लाल घ्या. दोघांनी तो एखाद्या आजारी बाळासारखा शालीत गुंडाळला आणि दुरुस्तीवाल्याकडे नेला. दुरुस्तीवाल्याने तो एकदा बंद केला, एकदा चालू केला. स्क्रीन उजळली. कमी वेळात एवढा मोठा आजार बरा झालेला बघून दोघांनी त्याचे आभार मानले, लॅपटॉप परत आणून जागच्या जागी ठेवला, इयरफोन लावले आणि मला काही बोलायचं नाही असं ठरवलं, सोमवारच्या तोंडावर उगाच माझा धीर खचायला नको म्हणून. बोलणारा आवाज लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होत असे, त्यामुळे मला फरक कळायचं काही कारण नव्हतं. मी आलो तेव्हा तो चार बोटं डावीकडे सरकलेला होता, एवढंच. बायको म्हणाली, पुसलं टेबल. मी कपाटात शिरलो, कडी लावली आणि जुन्या सगळ्या तक्रारी उघडून पहिल्यापासून ऐकल्या. कपाटाला दारच उरलेलं नाही, हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी दुपारी भाजीचे तुकडे नव्हते. सबंध बटाटा आला, तीन वाजता, आणि मी तो स्वतः कापून खाल्ला. मला वाटलं, बायकोचा माझ्यावरचा विश्वास वाढला. शुक्रवारी मेहुणा आला आणि हळू आवाजात बोलला, इतक्या हळू की मलाच म्हणावं लागलं, जरा मोठ्याने बोल. फिरायला निघालो तर त्याने गुपचूप कोपर पुढे केला. मला वाटलं, माझा दरारा वाढला. नोकरी परत मिळायची चिन्हं दिसली की घरातले लोक आपोआप सरळ होतात, असा एक सिद्धान्तही मी वाटेत त्याला ऐकवला. तो "हो भावजी" म्हणाला आणि पुढे चालत राहिला. गुरुवारी रात्रीच्या जेवणाआधी मी आणखी एक तक्रार लिहिली होती, या सगळ्यांतली एकच गंभीर. "विषय: नळ. तक्रारदाराची पत्नी न्हाणीघरात नळ सोडून रडते. तक्रारदाराला नळाखालचं सगळं ऐकू येतं. रडायचं असल्यास बाहेर येऊन रडावे." उत्तर मात्र सुचलं नाही. ते तसंच ठेवलं. शुक्रवारपासून नळ वाजला नाही. मला वाटलं, तिला सवय झाली.

मला फसवलं नाही ते बॅटरीने. पूर्वी ती संध्याकाळपर्यंत पुरायची, आता दुपारीच आवाज सांगायला लागला की थोडीच उरली. रविवारी सकाळी मी गॅलरीत जाऊन, दार लावून, बाईंना फोन केला आणि तोंडात येईल ते बोललो. उद्या सोमवार, ऑफिसात माझ्या टेबलाशी वीज मिळेल न मिळेल, मला जुना माल गळ्यात मारला, वगैरे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, पडदा बंद आहे ना? मी म्हटलं, अर्थात. त्या म्हणाल्या, खात्री करा. मी आत येऊन कळा दाबल्या आणि गॅलरीत परतलो. आवाजाने मला सांगितलं होतं, "पडदा बंद झाला." म्हणजे आत्तापर्यंत चालू होता. मी पुन्हा आत गेलो, पुन्हा कळा दाबल्या, तो परत उजळवला, का ते देव जाणे, बहुधा गुन्ह्याची जागा पोलीस येईपर्यंत हलवायची नसते म्हणून. बाई फोनवर हसत होत्या. "कधीपासून चालू होता?" त्यांनी विचारलं. चार बोटं डावीकडे सरकलेला लॅपटॉप मला आठवला. मी म्हटलं, "बुधवारपासून." मग हसणं थांबवून त्या म्हणाल्या, "घरी कोण कोण वाचतं?"

पहिला आला तो संताप. बटाटा, कोपर, हळू आवाज, सगळं एका क्षणात उलटं होऊन माझ्यापुढे पडलं. दरारा कसला, यांनी पत्रं वाचली होती आणि गुपचूप अंमलबजावणी केली होती. चार दिवस मी राजासारखा फिरत होतो आणि सगळं घर माझ्या पाठीमागे वाचत उभं होतं. लाजेने माझे कान तापले. मग हळूहळू दुसरं काहीतरी आत यायला लागलं. भाजीची ती तक्रार वाचताना तिला काय वाटलं असेल? आठ महिने ती ते तुकडे करत होती. सुरी हातात धरायला मी घाबरतो हे तिने पहिल्या आठवड्यात बघितलं होतं, नंतर मला धीर आला हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. काळ्या स्क्रीनला मात्र सांगितलं. आणि नळाचं पत्र वाचून तिने नळ सोडणं बंद केलं, पण बाहेर येऊनही रडली नाही. मग ती रडते कुठे? हा प्रश्न काही केल्या मला सुटला नाही.

दुपारी मी लॅपटॉपपुढे बसलो. मागे पलंगावर बसून बायको माझ्या ऑफिसच्या शर्टाला बटण लावत होती. दोरा कापडातून जाताना बारीक आवाज येतो, तो येत होता. पडदा बंद करायच्या कळांवर माझी बोटं होती. दाबल्या की संपलं, कपाटाला पुन्हा दार. पण मला आधी तिला चांगली अद्दल घडवायची होती. मी टंकलं, "विषय: दुसऱ्याची पत्रं वाचणे." आवाजाने ते कानात वाचून दाखवलं. मागचा दोरा थांबल्यासारखा वाटला आणि पुन्हा चालू झाला. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, सव्वीस वर्षांच्या सगळ्या धारेसकट. ते मी लिहिलं नाही. ती ओळ मी एकेक अक्षर करून खोडली, आणि मग बोटं त्या दिशेला गेली जिथे मी त्यांना तीन आठवडे जाऊ दिलं नव्हतं. "मला उद्याची भीती वाटते," मी लिहिलं. "चाळीस पत्रं होणार नाहीत असं नाही. होतील बहुतेक. पण सगळे भोवती उभे राहून बघतील आणि कोण बघतंय ते मला कळणार नाही. मी चुकलो तर कुणी सांगणार नाही, चांगलं झालं म्हणतील. तू तिथे नसशील." एवढं लिहून मी थांबलो. हात मांडीवर घेतले.

मागे दोऱ्याचा आवाज बंद होता. पलंग कुरकुरला. ती उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली, तिच्या हातातला शर्ट माझ्या मानेला लागला.

"मलाही वाटते," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

माझ्या खांद्यावर एक थेंब पडला, मग दुसरा. नळ कुठेही चालू नव्हता. बऱ्याच वेळाने तिने नाक ओढलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "गॅलरीचं दार लावलंत म्हणून काय झालं, तुमचा आवाज काही लहान नाही. सकाळी सगळं ऐकलं मी. बंद करा तो पडदा. उद्या संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरायला हवी."

मी कळा दाबल्या. कानात आवाज म्हणाला, पडदा बंद झाला. तिने जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून आणली आणि माझ्या शेजारी बसली.

"आता मला काही दिसत नाही," ती म्हणाली. "पुढचं तोंडाने सांगा."

मी इयरफोन काढून टेबलावर ठेवले आणि सांगायला लागलो.